नजर नदीवर, पाणी छतातून: एका दप्तरखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नदीकाठची दुमजली दगडी इमारत, बांधकाम चुन्यातलं, शंभरी कधीच ओलांडलेली. आत एका संस्थेचा दप्तरखाना: हस्तलिखितं, जमाखर्चाच्या वह्या, हाताने रंगवलेले नकाशे, जुन्या सचित्र मासिकांचे बांधीव खंड आणि काचेवरच्या निगेटिव्हची काही लाकडी खोकी. संस्थेचं नाव, गाव आणि माणसं मुद्दाम गाळली आहेत. त्यांनी जे केलं ते बहुतेक संस्थांनी केलं असतं. खरं सांगायचं तर आधी मला विचारलं असतं, तर मीही तेच सुचवलं असतं.

दहाएक वर्षांत दोनदा नदीचं पाणी इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. दुसऱ्या वेळी विश्वस्त खडबडून जागे झाले आणि त्यांनी पुराचा आराखडा केला. आराखडा चांगलाच होता. तळमजल्यावरचं सगळं दप्तर वरच्या मजल्यावर गेलं. नदीची पातळी ठरावीक खुणेपुढे गेली की तिघांच्या फोनवर इशारा येईल अशी सोय झाली. वाळूची पोती आली, रंगीत तालीमही झाली.

पुराच्या भीतीने संग्रह हलवणं ही काही नवी गोष्ट नाही. २०१६ मध्ये सेन नदी चढली तेव्हा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने तळघरातल्या सुमारे ३५ हजार वस्तू वर उचलल्या. पण पुढे त्यांनी वेगळाच मार्ग धरला. राखीव संग्रहासाठी शहरापासून लांब, लिएव्हँ इथे नवं केंद्र बांधलं आणि ते २०१९ मध्ये सुरू झालं. ‘वर नेणं’ आणि ‘लांब नेणं’ यांत काय फरक आहे, याचा विचार आपल्या संस्थेत कुणी केला नाही. लांब न्यायला जागाही नव्हती म्हणा.

आता वरच्या मजल्याबद्दल. इमारतीला दोन उतरती छपरं शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींचं पाणी मधल्या एका लांब पन्हळीत येतं. पन्हळ जस्ताच्या पत्र्याची, दोन्ही टोकांना एकेक तोंड, तिथून उभे पाइप खाली. ही मधली पन्हळ वरच्या दालनाच्या बरोबर डोक्यावरून जाते. म्हणजे पुरापासून वाचवून दप्तर जिथे ठेवलं, ती पावसाच्या दृष्टीने इमारतीतली सगळ्यात नाजूक जागा होती.

हे ठाऊक असलेला एक माणूस होता. सगळे त्यांना काका म्हणत. तीस वर्षं इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती. नंतर भेटले तेव्हा मला म्हणाले, “पन्हळ भरत आली की तिचा आवाज बदलतो. खळखळ थांबते, घुमल्यासारखं होतं. तसं झालं की मी शिडी लावायचो.” काका घटनेच्या तीन वर्षं आधी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही. छताची साफसफाई वर्षातून दोनदा, अशा कंत्राटावर गेली. कागदावर काहीच कमी झालं नव्हतं.

काय घडलं

त्या वर्षी पावसाआधी बरेच आठवडे कडक ऊन होतं. शेजारच्या मोठ्या झाडांनी वेळेआधीच पानं टाकली आणि ती पन्हळीत साचली. तापून-निवून पत्र्याच्या सांध्यांतलं सीलंट तडकलं होतं. छपराची साफसफाई नियमाप्रमाणे पुढच्या महिन्यात व्हायची होती.

मग एका रात्री पाऊस कोसळला. तासभरसुद्धा नाही. नदीला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण वरच्या खोऱ्यात पाऊस नव्हता. तिघांचे फोन गप्प राहिले.

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्याचा परिणाम वर्षाच्या एकूण पावसात दिसेलच असं नाही, पण पडतो तेव्हा जोर वाढतो. जुन्या इमारतींच्या पन्हळी आणि पाइप बांधणाऱ्यांनी आपल्या काळचा पाऊस पाहून बेतले होते. पन्हळीला वर्षाची सरासरी कळत नाही. तिला त्या दहा मिनिटांचं पाणी कळतं. पानांनी तोंडं तुंबली, पाणी पत्र्याच्या कडेपर्यंत चढलं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आत उतरलं. बाहेरच्या भिंतीला पन्हळ असती तर पाणी अंगणात सांडलं असतं. मधल्या पन्हळीला सांडायची एकच बाजू असते, ती म्हणजे आतली.

सकाळी आठला संग्रहपाल बाईंनी दार उघडलं तेव्हा आधी वास आला. दालनाच्या मधल्या तीन रांगांवर छताचा गिलावा फुगून खाली लोंबत होता. ज्या पोलादी कपाटांना वरून झाकण होतं ती बरीचशी कोरडी होती. उघड्या मांडण्यांवर पुस्तकं इतकी फुगली होती की ओढून निघेनात. एका मांडणीची बाजूची फळी त्या दाबाने चक्क उखडली होती. जुना कागद भरपूर पाणी पितो. १८४० पूर्वीचं पुस्तक सरासरी आपल्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं, नंतरचं ६० टक्क्यांपर्यंत. शंभर किलोच्या मांडणीवर रात्रीत किती भार चढला असेल याचा हिशोब करून बघा.

समोर असलेले पर्याय

भिजलेल्या कागदावर बुरशी दिसायला उबदार, कोंदट हवेत साधारण ४८ तास पुरतात. पाणी रात्री आलं होतं, त्यामुळे त्यातले काही तास बाई पोहोचण्याआधीच गेले होते.

पहिला विचार सगळं तिथेच पंख्याखाली वाळवण्याचा झाला. सोपा, आणि थोडे कागद असतील तर योग्यच. पण इथे शेकडो वह्या होत्या, माणसं सहा होती आणि छत कोसळण्याच्या बेतात होतं. दुसरा विचार तज्ज्ञ येईपर्यंत कशालाच हात न लावण्याचा. अध्यक्षांचा कल तिकडे होता. चुकीच्या हातांनी जास्त नुकसान होईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. तिसरा पर्याय गोठवण्याचा. तो बाईंनी एका प्रशिक्षणात ऐकला होता, केला कधीच नव्हता.

भिजलेलं पुस्तक गोठवायचं, हे ऐकून लोक अजूनही चमकतात. पण त्याला मोठी परंपरा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी फ्लॉरेन्समध्ये शिरली, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली आणि जगभरच्या जतनतज्ज्ञांचं शिक्षण तिथे झालं. १९७२ मध्ये अॅग्नेस वादळाच्या पुरात अमेरिकेतल्या कॉर्निंग काच संग्रहालयाचं ग्रंथालय बुडालं, तेव्हा पुस्तकं गोठवून ठेवली गेली. प्रागमध्ये २००२ च्या पुरानंतरही मोठ्या शीतगृहांचाच आधार घेतला गेला. गोठवल्याने काही दुरुस्त होत नाही, पण बुरशी थांबते, शाई आणखी पसरत नाही आणि विचार करायला महिने मिळतात. नंतर निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ करून वाळवता येतं. मध्ये द्रव पाणी होतच नाही, म्हणून पानं चिकटण्याचा धोका खूप कमी होतो.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय थांबण्याचा होता आणि तो घ्यायला धीर लागला. बाईंनी वीज मुख्य स्विचवरून बंद केली आणि गिलाव्याला टेकू लागेपर्यंत मधल्या रांगांत कुणालाही जाऊ दिलं नाही. त्यात तीन तास गेले. बाहेर उभी राहून माणसं चुळबुळत होती. पण माणूस आधी, कागद नंतर. यात वाद नाही.

दुसऱ्या निर्णयावर मात्र खरा वाद झाला. आधी काय बाहेर काढायचं? अध्यक्षांना संग्रहाचं भूषण असलेलं एक सचित्र हस्तलिखित आधी हवं होतं. भावना समजण्यासारखी आहे. संस्थेच्या प्रत्येक पत्रिकेवर त्याचंच चित्र असतं. पण ते कापडात गुंडाळून लाकडी पेटीत, झाकणाच्या कपाटात होतं. बाईंनी लांबूनच विजेरी मारून पेटी कोरडी असल्याचं पाहिलं आणि म्हणाल्या, “ते आहे तिथे सुखरूप आहे. मला मासिकं द्या.” मासिकांचे खंड! दोन-चार विश्वस्तांना हे हास्यास्पद वाटलं. पण त्या मासिकांचा कागद चकचकीत, लेप दिलेला होता. असा कागद भिजून एकदा वाळला की पानं एकमेकांना विटेसारखी चिकटतात, मग कोणताही तज्ज्ञ ती सोडवू शकत नाही. भूषण कोणतं यावर क्रम लावायचा, की घड्याळ कुणाचं आधी संपतंय यावर? बाईंनी दुसरा निकष धरला. या सगळ्या प्रकरणातला मला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

मासिकं ओलीच, न उघडता, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, कणा खाली करून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकाच थरात भरली. नकाशे पाट्यांवर आडवे ठेवूनच हलवले. काचेच्या निगेटिव्ह गोठवायच्या नाहीत हे बाईंना पक्कं आठवत होतं. त्या काठावर उभ्या करून सावलीत ठेवल्या, लेपाची बाजू कशालाही टेकू न देता.

शीतगृहाचं घोडं मात्र अडलं. जवळचं शीतगृह मासळीचं. मालकाने ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “तुमची बुरशी माझ्या मालाला लागली तर?” प्रश्न रास्त होता. आधी कधी बोलणं झालेलं नव्हतं, करार नव्हता, क्रेट बंदिस्त असतील याची हमी कुणी लिहून द्यायची हेही ठरलेलं नव्हतं. वेगळा कक्ष रिकामा करून मिळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. पाणी आल्यापासून जवळपास ३६ तास. तोवर तळाच्या काही खंडांच्या कडांवर करडी लव दिसायला लागली होती.

आता चुका. बातमी पसरली तशी मदतीला माणसं आली आणि मोठ्या उत्साहाने त्यांनी सुट्या कागदांचे दोन गठ्ठे गच्चीवर उन्हात पसरले. कागद तासाभरात पापडासारखे वळले, रंग उडाले आणि वारा आल्यावर क्रमही गेला. त्या दोन गठ्ठ्यांचा क्रम आजही लागलेला नाही. त्यांना दोष देणार कसा? दारात उभं राहून ‘हे इथे, ते तिथे’ सांगायला कुणी नेमलेलंच नव्हतं.

आणि यादी. कुठल्या मांडणीवर काय आहे याची यादी इमारतीतल्याच संगणकावर होती आणि वीज बंद होती. छापील प्रत टेबलावर भिजून पडली होती. स्केचपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे निळे ओघळ झाले होते. पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र जशाच्या तशा वाचता येत होत्या. काम कशाने भागलं? रंगकामाचा अंदाज काढायला आधीच्या महिन्यात एका कर्मचाऱ्याने प्रत्येक मांडणीचे फोनवर फोटो काढले होते, त्यांनी.

मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. तोवर महत्त्वाचं बहुतेक करून झालं होतं. गोठवण्याची गरज नसलेल्या वह्या टीपकागद घालून, हलत्या हवेत, पण थेट झोत न लावता वाळवायची पद्धत बसवून दिली. रोज टीपकागद बदलायचा, रोज तेच. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

भिंतीची गोष्ट

सगळ्यांचं लक्ष कागदावर असताना भिंत विसरली गेली. यात मीही आले.

काही वर्षांपूर्वी ओल दिसते म्हणून दालनाच्या आतल्या बाजूला सिमेंटचा गिलावा आणि वर ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट आणि तो रंग तिला ती सोडू देत नाहीत. पन्हळीतून भिंतीच्या माथ्यात शिरलेलं पाणी आतल्या आत खाली उतरत राहिलं आणि जिथे गिलावा संपत होता, त्या तळच्या दगडांतून बाहेर यायला लागलं. येताना क्षार घेऊन आलं.

संस्थेचा एक समारंभ तोंडावर होता. दालन लवकर उघडायचं म्हणून हीटर आणि हवेतली ओल खेचणारी यंत्रं पूर्ण जोरात लावायचं ठरलं. मी ‘जरा हळू घ्या’ म्हणाले, पण ठाम राहिले नाही. चार दिवसांत भिंतीला पांढरा लोणा फुटला, दगडाचे पापुद्रे बोटाने सुटू लागले. भिंत फार झपाट्याने वाळवली की क्षार पृष्ठभागाच्या आतच स्फटिक होऊन बसतात आणि दगड आतून फोडतात. साधं मीठ घ्या: हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. ऊन-पावसाची उलथापालथ जितकी वाढेल तितक्या वेळा हे चक्र फिरणार. पूर येऊन गेला की दिसतो. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाच्या आराखड्यात नसतं.

यंत्रं बंद केली. पुढे सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून भिंत उघडी ठेवली, नंतर चुन्याचा गिलावा केला. समारंभ दुसरीकडे झाला. जगबुडी आली नाही.

काय हाती राहिलं

गोठवलेले खंड पुढच्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने वाळवून आले. बहुतेकांची पानं उलटतात. तळाचे, बुरशी लागलेले काही खंड डागाळले. ज्यांना पहिल्या दिवशी कुणी पाहिलंच नव्हतं असे दोन पक्के चिकटले, ते तसेच ठेवले आहेत. काचेच्या काही निगेटिव्हचा लेप कडेने सुटला.

मला सर्वांत जास्त आठवते ती एक जमाखर्चाची वही. मूळ नोंदी काजळीच्या शाईच्या, त्या जवळपास शाबूत. समासातल्या खुणा नंतरच्या कुणी तरी लाल शाईने केलेल्या, त्या पाण्यात विरघळून पानभर गुलाबी ढग झाल्या. म्हणजे किती रक्कम कुणाला दिली हे आजही वाचता येतं, आणि हिशोब तपासणाऱ्याने कुठे शंका काढली होती ते कायमचं गेलं. ती पानं स्कॅन करायच्या यादीत होती, पण यादीत क्रम ‘महत्त्वा’नुसार होता.

वेगळं काय करता आलं असतं

नदीचा इशारा बसवला तेव्हाच छतावर पावसाच्या जोराचा आणि पन्हळीतल्या पाण्याच्या पातळीचा इशारा बसवता आला असता. तंत्र तेच, फक्त धोका कुठून येईल याची कल्पना एकाच दिशेने केली गेली. आराखडा करणारे सगळे आधीच्या दोन पुरांचे साक्षीदार होते. त्यांनी पाहिलेल्याच संकटाची तयारी केली.

दप्तर वर हलवण्याआधी कुणी तरी भर पावसात दालनात उभं राहून वर बघायला हवं होतं. कोरड्या दिवशी केलेल्या पाहणीत छताबद्दल फारसं काही कळत नाही. मांडण्यांना झाकणं, वरच्या फळीवर पॉलिथिनच्या चादरी, तळाची फळी जमिनीपासून वीतभर उंच, एवढ्याने निम्मं नुकसान टळलं असतं असं मला वाटतं. शीतगृहाशी आधी बोलून ठेवलं असतं तर त्या ३६ तासांतले निदान वीस तरी वाचले असते. आणि यादीची एक प्रत, पेन्सिलीने का होईना, इमारतीबाहेर हवीच होती.

काकांच्या जागेचा मुद्दा मात्र मला इतका सोपा वाटत नाही. संस्थेकडे पैसे खरोखरच कमी होते, आणि वर्षातून दोनदा सफाई ही पूर्वीच्या पावसाला पुरेशीच होती. चूक पद रद्द करण्यात होती की ‘दोनदा’ हा आकडा कुठून आला हे न विचारण्यात, यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही.

पन्हळीचा सांडवा

पन्हळ मोठी करायची तर छपराची मोडतोड, आणि जुन्या वास्तूत त्याला परवानग्या. ते अजून चर्चेतच आहे. दरम्यान वास्तुतज्ज्ञांनी साधा मार्ग काढला. धरणाला असतो तसा पन्हळीला सांडवा: दोन्ही टोकांना, पत्र्याच्या कडेच्या थोडं खाली एक जादा तोंड, ज्यातून पाणी इमारतीच्या दर्शनी भिंतीपासून लांब फेकलं जाईल. एका विश्वस्तांचा आक्षेप होता की दर्शनी बाजूचं रूप बिघडेल. वास्तुतज्ज्ञ म्हणाले, दिसायलाच हवं. तिथून धार लागली याचा अर्थ खालची तोंडं तुंबली, आणि हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल.

पुढच्या मोसमात एकदा धार लागली. समोरच्या दुकानदाराने पाहिलं आणि बाईंना फोन केला. बाई पोहोचल्या तेव्हा छताच्या दाराची किल्ली सापडेना. ती सापडून वर जाईपर्यंत पाऊस ओसरला होता आणि दालन कोरडं होतं. आता किल्ली मुख्य दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असते.